उपरण्यावरील गावाचे नाव

आमच्या घरी शांतता शुक्रवारी येत असे. आठवड्याच्या इतर दिवशी साऱ्या भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट इतका अखंड चाले की आम्हा राहणाऱ्यांना तो ऐकूच येत नसे; पाहुणे मात्र पहिल्या रात्री अंथरुणावर उठून बसत आणि काय चालले आहे म्हणून विचारीत. शुक्रवारी माग बंद राहत आणि त्या निःशब्दतेने आम्हाला पहाटे लवकर जाग येई. मग नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, संध्येच्या आचमनाच्या पळीचा आवाजही स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट पोहोचे. खाली दुकान आणि वर दोन खोल्या, एवढाच आमचा संसार होता. हवेत कापसाचे तंतू सदैव तरंगत. देवांच्या टाकांवर, दुधाच्या पातेल्यावर, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर ते पांढुरके साचत. आई केळीच्या पानात पानगी थापताना दर वेळी पानावर फुंकर घालून म्हणे, "आपण अन्नासोबत थोडे सूतही खातो. म्हणूनच या गावची माणसे सरळ असतील."

नानांच्या दुकानात पूजेची वस्त्रे मिळत: पंचे, उपरणी, धोतरे, देवांसाठी लहान खण. माणूस देवापुढे ज्या वस्त्रात बसतो ते विकण्याचा व्यवसाय आपल्याला लाभला, हे नाना पूर्वपुण्याई मानीत. ते कापडाला पाय न लावता गादीवर बसत, गिऱ्हाईक कोणत्याही जातीचे असले तरी अहो-जाहो करीत आणि कापडाचा दोष असेल तर तो स्वतःच्या बोटाने आधी दाखवीत. माझ्या बालपणी मी त्यांना असत्य बोलताना ऐकले नाही. पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचताना वाचकाने हे वाक्य विसरू नये, अशी माझी विनंती आहे. ते लिहायला मला दुसऱ्या कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक वेळ लागला.

मी तेव्हा कल्याणला गुरुजींच्या घरी राहून वेदाध्ययन पुरे करीत होतो आणि शुक्रवारी घरी येत असे. गुरुजी कठोर नव्हते, पण एका गोष्टीत त्यांना ढिलाई खपत नसे. कोणत्याही कर्माच्या आरंभी जो संकल्प सोडायचा, त्यात आपण कोणत्या देशी, कोणत्या नदीच्या तीरी, कोणत्या गावी बसलो आहोत हे अचूक उच्चारले पाहिजे. एखादा विद्यार्थी सवयीने घाईत दुसरेच गाव म्हणून गेला की ते पळी खाली ठेवायला लावीत. "तू कुठे बसला आहेस ते आधी सांग," ते म्हणत, "मग देवाला हाक मार. नाहीतर तो दुसऱ्याच्या दारी जाऊन उभा राहील." आम्ही हसत असू. मीही हसलो आहे.

दुकानातला माल मुंबईच्या घाऊक बाजारातून येई. एका शुक्रवारी मी घरी असताना हमालाने गठ्ठा ओट्यावर टाकला, घाम पुसला आणि गठ्ठ्याच्या शिवणीवर थाप मारून तो हसू लागला. "नाना, ही गाठ माझीच हाय," तो म्हणाला. "मागल्या महिन्यात कामतघरात मीच ट्रकात चढवली व्हती. मुंबई बघून परत आली बघा." नानांनी चष्मा वर करून गाठ पाहिली. आई जिन्याच्या पायरीवर वाल निवडीत बसली होती, तिने मान वर न करता म्हटले, "दाराशी विणलेले कापड मुंबईची हवा खाऊन आले, तर त्याचा भाव वाढणारच."

त्या दिवशी नाना जेवले कमी. वालाचे बिरडे त्यांना अतिशय प्रिय, पण तेही त्यांनी पानात फिरवीत ठेवले. हात धुताना मला म्हणाले, "ज्या गावात रात्रंदिवस माग चालतात, त्या गावच्या दुकानदाराने आपल्या गावचे कापड आपल्या गावच्या नावाने विकू नये, हे मला बरे वाटत नाही." आजोबांनी तरुणपणी सूत कातले होते आणि त्यांचा चरखा आमच्या माळ्यावर होता. नानांच्या मनात काय चालले होते ते मला कळले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

भिवंडीतल्याच कामतघरला नरसय्या नावाचे एक तेलुगू विणकर राहत. एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे चार माग आणि मागच्या बाजूला घर. आयुष्यभर त्यांनी मजुरीवर विणले होते. व्यापारी सूत आणून टाकी, विणलेले कोरे कापड घेऊन जाई आणि ते पुढे कुठे, कोणत्या नावाने विकले जाते याच्याशी विणकराचा संबंध उरत नसे. नाना आणि मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मागांच्या कल्लोळात आमचे बोलणे ऐकू येईना. शेवटी आम्ही वऱ्हाळ तळ्याच्या काठी जाऊन उभे राहिलो. पूजेच्या वस्त्राला दोन्ही टोकांना दशा हव्यात, म्हणजे सुट्या धाग्यांची झालर. ते नवे, पांढरे, कुणी न नेसलेले, एकदाच पाण्यातून काढलेले, म्हणजे अहत, असावे, हे नानांनी सांगितले. नरसय्यांनी सारे ऐकून घेतले.

"दशा मेरी घरवाली बटेगी," ते म्हणाले. "पण पंतुलु गारू, दोन माग तुमच्यासाठी लावले तर व्यापारी ते दोन माग परत भरणार नाही. तो विसरत नाही." ब्राह्मणाला ते आदराने पंतुलु म्हणत. "मला एकच सांगा. कपडा बिकेगा किसके नाम से?"

"भिवंडीच्या नावाने," नाना म्हणाले. "मी शब्द देतो."

नरसय्या माझ्याकडे वळून म्हणाले, "चिन्ना पंतुलु, तुम्ही साक्षी." चिन्ना म्हणजे धाकटा.

पुढच्या शुक्रवारी ते दुकानात आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक लाकडी ठसा होता. सुताराकडून त्यांनी तो स्वतः करवून घेतला होता. निळीच्या पाण्यात बुडवून उपरण्याच्या एका कोपऱ्यावर, दशांच्या किंचित वर, ते तो ठसा उमटवीत: भिवंडी. त्यांचे स्वतःचे नाव त्यात नव्हते. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "माझं नाव कोण ओळखतं? गाव तर ओळखतील." त्यांच्या पत्नीने, लक्ष्मम्मांनी, वळलेल्या दशा इतक्या रेखीव होत्या की आईने पहिले उपरणे देवापुढे ठेवले आणि मगच विकायला खाली पाठविले.

आज माझी नात मला मोठ्या शहरातल्या झगमगीत दुकानांची छायाचित्रे मोबाइलवर दाखविते. तेथे कापडाच्या घडीला विणकराचे चित्र आणि त्याच्या गावाचे नाव असलेली चिठ्ठी बांधलेली असते आणि लोक त्यासाठी चार पैसे अधिक देतात. "आजोबा, किती छान ना?" ती विचारते. मी छान म्हणतो आणि चष्मा पुसू लागतो.

तेव्हा तसे नव्हते. भिवंडीचे कापड म्हणजे गाद्यांच्या खोळी आणि ट्रकच्या बैठका, अशी लोकांची समजूत होती. गिऱ्हाईक उपरणे हातात घेई, बोटांनी चाचपी, मान डोलवी आणि कोपऱ्यातला निळा ठसा दिसताच ते हलकेच खाली ठेवी. "भिवंडीचे? मुंजीला भिवंडीचे कसे द्यायचे, नाना? व्याही काय म्हणतील?" असे आपल्या गावातलीच माणसे आपल्या गावात उभी राहून बोलत. नाना प्रत्येकाला समजावून सांगत. सूत दाखवीत, दशा दाखवीत. ऐकणारा ऐके, आणि मुंबईच्या गठ्ठ्यातले जुने उपरणे मागे. पाठीमागच्या फळीवर नरसय्यांच्या कापडाची रास वाढत गेली. तरी दर शुक्रवारी नवा माल येई आणि नाना तो घेत. दिलेला शब्द त्यांनी त्या अर्थी मोडला नाही. मात्र एका शुक्रवारी मी घरी आलो तेव्हा माझ्या लक्षात आले, की नाना आता उपरण्याची घडी उलटी घालतात. ठसा आत जातो. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

मग गुरुजी आले. त्यांच्या हातून एक मोठा यज्ञ व्हावयाचा होता आणि त्यासाठी सर्व ऋत्विजांना एकसारखी उपरणी द्यायची होती. शिष्याच्या वडिलांचे दुकान म्हणून ते कल्याणहून मुद्दाम आले. शुक्रवार होता, बाहेर शांतता होती. नरसय्या माल देऊन बाकावर चहा पीत बसले होते. आईने गुरुजींसाठी वरून पन्हे पाठविले आणि ती जिन्यातच थांबली. नानांनी घडी पुढे केली. गुरुजींनी तिच्या टोकाच्या दशा तळहातावर घेतल्या, मोजल्यासारख्या पाहिल्या आणि मला म्हणाले, "काय रे, अहत वस्त्र म्हणतात ते हेच ना?" मी हो म्हणालो. त्यांचा चेहरा प्रसन्न झाला.

"माल कुठला हा?" त्यांनी नानांना विचारले. "भिवंडीचा नको हं, नाना. यजमान मंडळी आधीच म्हणून गेली आहेत. ट्रकच्या बैठकीचे कापड खांद्यावर नको, म्हणे."

नानांचा हात घडीवर होता. फळीवरची रास त्यांच्या पाठीशी होती आणि त्या दोन मागांचा धनी समोर बाकावर बसला होता. ही मागणी गेली असती तर पुढच्या महिन्यात त्या मागांना नानांनी काय सांगितले असते, हे मला आज समजते. तेव्हा मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला. तो नेहमीइतकाच सौम्य होता.

"नाही, नाही, गुरुजी. नागपूरकडचा आहे."

"तरीच," गुरुजी म्हणाले.

मागणी पक्की झाली. गुरुजींना मी कोपऱ्यापर्यंत पोहोचवून परत आलो तेव्हा नरसय्या कपबशी खाली ठेवीत होते. जिन्यात आई उभी होती. नरसय्यांनी धोतराच्या सोग्याने मिशी पुसली आणि साध्या चौकशीच्या स्वरात विचारले, "नागपूर कैसा है, पंतुलु गारू? मी कधी गेलो नाही. थंडी असते का तिकडे?"

नानांनी हात जोडले. "नरसय्या, मागणी मोठी आहे. तुमचे दोन्ही माग—"

"माग चालतील," नरसय्या म्हणाले. "माग को क्या, नागपूर बोलो, काशी बोलो. चालतोच."

त्या संध्याकाळी मी वर जेवायला बसलो. ज्यांच्या पायांवर मी दर शुक्रवारी डोके ठेवीत होतो त्या माणसाची मला लाज वाटत होती. आणि पुत्राला अशी लाज वाटावी याची त्याहून मोठी लाज वाटत होती. या दोन लाजांमध्ये कुठे बसावे ते मला कुठल्याही ग्रंथाने शिकविले नव्हते. आईने ताक वाढले. "तू त्यांना काही विचारू नकोस," ती म्हणाली. "ते स्वतःला विचारताहेत." आतल्या खोलीत नाना जप करीत होते. तो जप त्या दिवशी फार लांबला.

यज्ञाचा माल ठरल्या वेळी आला. मी गठ्ठा सोडला, पहिले उपरणे उलगडले, दुसरे उलगडले, आणि नानांना हाक मारली. कुठल्याही उपरण्यावर ठसा नव्हता. नरसय्यांनी तो मारलाच नव्हता. नानांचे असत्य कुठे उघडे पडू नये याची काळजी, ज्याच्याविषयी ते बोलले गेले, त्यानेच घेतली होती. नानांनी ते वस्त्र कितीतरी वेळ हातात धरून ठेवले. त्या कोऱ्या कोपऱ्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता. नरसय्यांनी रागावून माल परत नेला असता, तर तो दिवस आम्हाला सुसह्य झाला असता.

गावाबाहेरच्या माळावर मंडप उभा राहिला. मी ऋत्विजांत होतो, खांद्यावर तेच उपरणे होते. पूर्णाहुतीला मोठा समुदाय लोटला. नानांनी नरसय्यांना आग्रहाने आमंत्रण दिले होते आणि ते आले होते. मंडपात अगदी मागे लक्ष्मम्मा जरीकाठाचे नवे पातळ नेसून त्यांच्याशेजारी बसल्या होत्या. आपण वळलेल्या दशा इतक्या खांद्यांवर एकदम लोंबताना पाहून त्या पतीला बोटाने काहीतरी दाखवीत होत्या. त्यांचे ते हसू मला वेदीजवळून दिसत होते.

पूर्णाहुतीनंतर गुरुजी आशीर्वचनाला उभे राहिले. यजमानांना, अन्नदात्यांना, भूमी देणाऱ्यांना नावागावासह त्यांनी आशीर्वाद दिले. आणि मग, त्यांचे मन किती उदार होते म्हणून सांगू, ज्यांची आठवण कुणीही ठेवली नसती त्यांचीही त्यांनी आठवण ठेवली. ज्यांनी ही वस्त्रे विणली त्या नागपूरनिवासी विणकरांच्या कुळाला आयुष्य, आरोग्य, संतती, समृद्धी लाभो, असे ते उच्च स्वरात संस्कृतातून म्हणाले; आणि सर्वांना कळावे म्हणून मराठीतून पुन्हा म्हणाले. आम्ही सर्व ऋत्विजांनी 'तथास्तु' म्हटले. माझ्या तोंडूनही तो शब्द गेला. मागच्या रांगेत लक्ष्मम्मांनी पतीकडे वळून काही विचारले. त्यांनी थोडक्यात उत्तर दिले. लक्ष्मम्मांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, आणि प्रसाद वाटायला सुरुवात होण्याआधी ती दोघे उठून गेली. नाना पहिल्या रांगेत बसले होते. त्यांची मान इतकी खाली होती की शेजारच्याने त्यांना भोवळ आली का म्हणून विचारले.

मी आशीर्वादावर श्रद्धा असलेला माणूस आहे. तपस्व्याच्या मुखातून निघालेला शब्द कुठेतरी पोहोचतो, असे मी आजही मानतो. म्हणूनच तो दिवस मला सतावतो. तो शब्द आमच्या घराने चुकीच्या गावी पाठविला होता.

त्यानंतर नाना नागपूर हे नाव कधी बोलले नाहीत. कुणी विचारले तर "आमच्या ओळखीच्या विणकराकडचे आहे" एवढेच सांगत. ते असत्य नव्हते आणि सत्यही नव्हते, आणि त्या मधल्या जागेत त्यांनी उरलेली वर्षे काढली. यज्ञातली उपरणी पाहून मागण्या येऊ लागल्या. नरसय्यांचे दोन्ही माग आमच्यासाठी चालत राहिले. कापड दर शुक्रवारी येत राहिले, कोपरे कोरे ठेवून. ठशाचे काय झाले, हे नानांनी विचारले नाही. कधी कधी ते माझ्यासोबत आंब्यांची पाटी घेऊन कामतघरला जात. नरसय्या त्यांना खुर्ची देत, चहा देत. नाना बोलण्यासाठी ओठ उघडीत आणि नरसय्या सुताचा विषय काढीत. परत येताना रिक्षात नाना मला म्हणत, "पुढच्या वेळी." गुरुजींना सांगण्याविषयीही ते असेच म्हणत.

नाना गेले तेव्हा भिवंडीलगतच्या राहनाळच्या शेतांवर गोदामांची पहिली छपरे चढत होती. तेराव्याच्या वस्त्रदानासाठी उपरणे आणायला मी स्वतः कामतघरला गेलो. नरसय्यांचे केस पिकले होते. माग थांबवून ते बाहेर आले, माझ्या मुंडन केलेल्या डोक्याकडे पाहिले आणि माझा हात काही वेळ धरून ठेवला. मग आतून एक नवे उपरणे आणले.

"नरसय्या, ठसा आहे का तो?" मी विचारले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "आता? जाने वाले को कौन पूछता है, कहाँ का कपडा है?"

"मारा," मी म्हणालो.

लक्ष्मम्मांनी निळीची वाटी आणली. ठसा त्यांनी जपून ठेवला होता.

तेराव्याला मी गुरुजींना ते वस्त्र अर्पण केले. ते फार थकले होते, दृष्टी मंदावली होती. सवयीने त्यांनी दशा तळहातावर घेतल्या, बोटे तेथेच थबकली आणि त्यांनी कोपरा डोळ्यांजवळ नेला. "हे भिवंडीचे?"

"हो, गुरुजी. आणि यज्ञातली तीही भिवंडीचीच होती."

वरच्या खोलीत जमलेल्या मंडळींनी माना वळविल्या. वडिलांच्या तेराव्याला, त्यांच्या तसबिरीसमोर, मी त्यांचे असत्य उघडे केले होते. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी त्यांना पुष्कळदा म्हटले, एकदा सांगून टाका. सांगेन म्हणाले होते, गुरुजी. सांगणार होते."

गुरुजींनी कोपरा पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "मग मी ते आशीर्वचन कोणाला दिले?" ते अखेर स्वतःशीच म्हणाले. नानांना दोष देणारा एकही शब्द त्यांनी काढला नाही. "विणकर आहे का?"

"आहे."

"चल."

रिक्षाने आम्ही कामतघरला पोहोचलो. शुक्रवार नव्हता. शेडच्या दारातच त्या आवाजाने गुरुजींचा तोल गेला. मी त्यांना सावरले. चारही माग चालू होते. दारात उभे राहून, उजवा हात वर करून, त्यांनी देशकाल उच्चारायला आरंभ केला. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते, पण एक अक्षरही ऐकू येत नव्हते. नरसय्या तुटलेला धागा हातात धरून माझ्याजवळ आले आणि कानाशी ओरडले, "बाबा क्या बोल रहे हैं?"

मी ओरडलो, "भिवंडी म्हणताहेत."

ते भिंतीकडे गेले आणि मुख्य बटण त्यांनी खाली ओढले. माग एकामागून एक थांबले. चालत्या दिवशी त्या शेडमध्ये अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. लक्ष्मम्मा घाबरून मागच्या दारातून धावत आल्या. गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांनी देश सांगितला, काळ सांगितला, आणि मग गावाचे नाव सावकाश, एकेक अक्षर तोडून उच्चारले. आयुष्य, आरोग्य, संतती, समृद्धी. लक्ष्मम्मांनी हात जोडले होते. नरसय्यांनी जोडले नव्हते; त्यांच्या बोटांत तो तुटलेला धागा होता.

"झालं?" गुरुजी थांबल्यावर नरसय्यांनी मला विचारले.

मी होकाराची मान हलवली. मला अजून काही बोलायचे होते. त्या शांततेत नानांच्या वतीने एक वाक्य बोलायचे होते. ते मी रिक्षात मनाशी जुळवीत आलो होतो. मी पुढे झालो, ओठ उघडले, तोवर नरसय्यांचा हात बटणापाशी पोहोचला होता, आणि माग सुरू झाले.